मनात येईल ते येऊ द्या

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं मला सलग सांगता येईल. मी बरीच वर्षं योग शिकवला हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण ह्याच योगापायी एका अख्ख्या साखर कारखान्यातले पुरुष सुट्टी झाली तरी घरी जायला कचरायला लागले होते, ते ठाऊक आहे? नाही ना? मग घ्या तो चहा, आणि ऐका माझी फजिती.

आधी माझ्या स्वभावाचं सांगते. मी भित्री. साधीसुधी नव्हे हो, पट्टीची भित्री! कुकरची शिट्टी झाली की माझ्या छातीत धस्स व्हायचं. पोस्टमन दारावरनं नुसता पुढं गेला तरी मला वाटायचं, शेजारी तार आली. आमच्या ह्यांना ऑफिसातनं यायला जरा उशीर झाला की मी मनातल्या मनात पंचगंगेच्या पुलापासनं सरकारी दवाखान्यापर्यंत सगळीकडं रडत फिरून यायचे. आणि हे कुठं असायचे? कोपऱ्यावर पान खात उभे!

शेवटी ह्यांनी मला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि म्हणाले, "काही झालेलं नाही. मन जरा शांत ठेवा."

घरी आल्यावर मी विचार करत बसले. ठेवा म्हणजे कुठं ठेवा? फडताळात?

तेव्हा कुणीतरी शाहूपुरीतल्या गुरुजींचं नाव सांगितलं. गुळाच्या एका व्यापाऱ्याच्या दुकानावर माडी होती, तिथं ते बायकांचा योगाचा वर्ग घ्यायचे. खाली गुळाच्या ढेपांचा वास आणि हमालांचा आरडाओरडा, वर आम्ही पाय वर करून पडलेल्या. गुरुजी शाळेतनं रिटायर झालेले, आवाज खणखणीत. आसनं झाली, श्वास झाला, की ते आम्हाला डोळे मिटून बसवायचे आणि सांगायचे, "मन म्हणजे एस.टी. स्टँड समजा. गाड्या येणार, जाणार. कंडक्टर ओरडणार. तुम्ही आपलं बाकावर बसायचं. गाडी आली, बघायची. गेली, बघायची. चढायचं नाही."

मी हात वर केला. "गुरुजी, आणि आपलीच गाडी चुकली तर?"

"तुम्ही जरा लांब श्वास घ्या," गुरुजी म्हणाले.

पण खोटं कशाला बोलू? मला फरक पडला. धडधड गेली नाही, पण "आता धडधडतंय बरं का" एवढं तरी मला शांतपणे कळायला लागलं. दोन-अडीच वर्षं मी न चुकता जात होते. आणि तेवढ्यात ह्यांना दुसरी नोकरी लागली.

कोल्हापूरपासनं एस.टी.नं तासाभरावर एक साखर कारखाना होता. नाव नको, तिथली माणसं अजून भेटतात. अठ्ठ्याहत्तर साल असावं. अकौंट्समध्ये जागा, कारखान्याच्याच कॉलनीत क्वार्टर. फक्त नोकरी कायम नव्हती. साहेबांचं मन बसलं तर कायम करू, असं. म्हणजे माझ्या छातीला नवीन काम!

गेल्यावर पंधरवडाभरातच एक दिवस हे घरी आले ते चपला न काढताच उभे राहिले.

"अगं, एक जरा घोटाळा झालाय."

"पैशाचा?"

"नाही गं. साहेबांनी आज सहज विचारलं, घरी मिसेस काय करतात म्हणून. मी म्हणालो, ती योग शिकते."

"मग?"

"त्यांना ऐकू आलं, शिकवते."

"अहो, मग सांगायचं की शिकते म्हणून!"

"जनरल मॅनेजरला कसं सांगायचं, की साहेब, तुम्हाला ऐकू कमी येतं? मला कायम व्हायचंय अजून!" ह्यांनी आवाज खाली आणला. "ते खूश झाले गं. त्यांच्या बाईसाहेबांचं सारखं डोकं दुखतं म्हणे. सोमवारपासनं महिला मंडळाच्या हॉलमध्ये तुझा वर्ग. शिपायाला सांगून नोटीस पण लावली."

बघा! एका 'व'पायी मी योगशिक्षिका झाले. तुमच्यापैकी कुणाची एवढ्या कमी शिक्षणात नेमणूक झाली आहे का?

सोमवार उजाडेपर्यंत मला घास गिळवला नाही. हॉल म्हणजे पत्र्याचं छप्पर, आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडं लगेच कारखाना. बायका बसायला साखरेची रिकामी पोती घेऊन आलेल्या. पुढच्या रांगेत बाईसाहेब, गोऱ्यापान, गुबगुबीत, इतक्या हळू बोलणाऱ्या की त्यांना काय हवंय ते समोरच्यानं ओळखूनच द्यावं. त्यांच्या मागं हिराक्का, गडहिंग्लजकडची, नवरा वजनकाट्यावर. आवाज असा की वजनकाट्यापर्यंत सहज पोचावा. तिच्या शेजारी मुमताजभाभी, नवरा वर्कशॉपात टर्नर. आणि मागं आणखी दहा-बारा जणी.

मी म्हटलं, "चला, उभ्या राहा. कुणी जेवून आलेलं नाही ना?"

हिराक्का म्हणाली, "म्हंजे? जेवूनच आलोय की! धुनंभांडी आवरून ह्याच वक्ताला तर मोकळीक हाय. आज वांगं केलतं बाई, भरपूर जेवलो."

झालं! पोटभर जेवलेल्या माणसाला आसनं द्यायची नाहीत, हे गुरुजींनी आम्हाला दम देऊन सांगितलेलं. मला तर तिथंच दिसायला लागलं, हिराक्कानं पाय वर केले, वांगं उलट फिरलं, हॉलमध्ये डॉक्टर आले, आणि ह्यांची नोकरी गेली. वेळ बदलू का म्हणावं, तर नोटीस साहेबांनी लावलेली! ती बदलायला सांगणार कोण?

म्हणून मी आसनं सोडूनच दिली. म्हटलं, बसूनच काय ते करायचं. थोडा श्वास, आणि मग डोळे मिटून मनाकडं बघणं. त्यात वांग्याला काही इजा नाही.

रोज वर्गाच्या शेवटी मी डोळे मिटायचे, कारण उघडे ठेवले की एवढ्या बायका बघून मला घाम फुटायचा. आणि गुरुजींचे शब्द जसे आठवतील तसे म्हणायचे. "मनात येईल ते येऊ द्या. अडवू नका. दाबून ठेवू नका. नवऱ्याबद्दल असो, सासूबद्दल असो, चांगलं असो, वाईट असो, येऊ द्या. आणि आलं की त्याच्याकडं नुसतं बघा. बोलायचं काही नाही. करायचं काही नाही. आपोआप जाईल." मग मी डोळे उघडायचे, बायका माझ्याकडं अशा टक लावून बघत असायच्या की मला वाटायचं, काय एकाग्रता आहे!

आठवडाभरानं हिराक्का पदरात झेंडूची फुलं घेऊन माझ्या दारात हजर. मला वाटलं, कुणी गेलं की काय!

"बाई, तुमच्या योगाचा गुन आला बगा!"

"खरंच?" माझा विश्वास बसेना. "काय झालं?"

"काय सांगू! छातीवरनं धोंडा उतरल्यागत झालंय. रातच्याला निवांत झोप लागती. तुमी म्हनला तसं केलं, बास्स."

अहो, मी हरखूनच गेले! डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मला एवढंच दिसलं, की तिच्याकडं तीन महिने पाहुणा म्हणून येऊन राहिलेला तिचा दीर त्या दिवशी संध्याकाळी वळकटी काखेत मारून एस.टी.च्या थांब्यावर उभा होता. मी म्हटलं, रजा संपली असेल.

दुसऱ्या आठवड्यात मुमताजभाभीचा चेहरा असा फुललेला. "बाई, अल्ला कसम, दहा वर्षांनी कान मोकळे झाले माझे!"

कान? मी म्हटलं, श्वासामुळं मोकळे झाले असतील. गुरुजी म्हणायचेच, श्वासानं नाक, कान, घसा सगळं साफ होतं. तिचा नवरा रोज संध्याकाळी व्हरांड्यात पेटी काढून गायला बसायचा, ती पेटी दोन दिवसांपासनं ऐकू येत नव्हती, हे काय मला कळलं नव्हतं? कळलं होतं. पण मी म्हटलं, भाता फाटला असेल.

वर्ग वाढायला लागला. पंधराच्या तीस झाल्या. पलीकडच्या गावातनं दोघी चालत यायला लागल्या. हॉलमध्ये पोतं टाकायला जागा मिळेना. मी ह्यांना म्हटलं, "अहो, मला वाटतं मला शिकवता येतं!"

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "तू त्यांना नक्की काय शिकवतेस?"

"मन शांत ठेवायला."

"अस्सं," म्हणाले, आणि तुकडा आमटीत बुडवला. मग म्हणाले, "ऑफिसात माझ्याबरोबर डबा खायला कुणी बसेना झालंय. कॅशियरनी आज मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना? मी हो म्हटलं तर त्यांनी माझ्या पाठीवरनं हात फिरवला."

हा हात का फिरवला ते आम्हा दोघांनाही कळेना. आणि तुम्हाला म्हणून सांगते, त्या दिवसांत कॉलनीतनं जाताना मला विलक्षण मान मिळायला लागला होता. गेटवरचा वॉचमन मला बघून स्टुलावरनं उठायचा. पुरुष घोळका करून उभे असले तर बाजूला सरकायचे. किराणावाल्यानं तर एकदा मी काही बोलायच्या आतच तराजू माझ्या नाकापुढं धरला, "बगून घ्या बाई, काटा बगून घ्या. माप बरोबर हाय. मनात काय आनू नका!"

मला वाटलं, योगाबद्दल लोकांना केवढा आदर आहे!

माझी छाती म्हणाल तर त्या महिन्यात पहिल्यांदा गप्प होती. आणि नेमकं तेव्हाच हिराक्का परत आली. ह्या वेळी धावत. साहेबांच्या बंगल्यावर त्या दिवशी कारखान्याचे चेअरमन आणि डायरेक्टर मंडळी जेवायला होती, आणि पोळ्या लाटायला हिराक्काला बोलावलं होतं. तिकडनंच ती आली होती. हाताला पीठ तसंच.

"बाई, तुमी यायला पायजे हुतं! कमाल केली बाईसायबांनी!"

"काय केलं?"

हिराक्का ऐसपैस मांडी घालून बसली. "चेअरमनसायेब जेवताना नेमी आपली वाघाची गोष्ट सांगत्यात न्हवं का? उसात बिबट्या घुसला आन् ह्यांनी एकट्यानं हाकलला म्हनून?"

ही गोष्ट कॉलनीत सगळ्यांना पाठ होती. चेअरमन आले की वाघ यायचाच.

"तर आजबी काढली. समदे पोळी खात 'वा वा' म्हनायला लागलेत. आन् बाईसायबांनी तुपाचा चमचा खाली ठेवला. म्हनल्या, चेअरमनसायेब, दोन वर्सामागं ह्यो वाघ वासराएवढा हुता. गेल्या साली खोंडाएवढा झाला. आता म्हशीएवढा झालाय. मी दर बारीला 'अगंबाई' म्हनतो. आज माज्या मनात न्हाय म्हनायचं!"

माझ्या हातातलं भांडं निसटलं.

"बाईसाहेब असं बोलल्या? सगळ्यांच्या पुढं?"

"व्हय की! एका डायरेक्टरचा घास इथं तोंडाशी, आन् तिथंच. सायेब खोकायला लागलं. मग म्हनलं, हे गं काय बोलनं? तर बाईसायेब म्हनल्या," आणि इथं हिराक्काचा ऊर भरून आला, "योगाच्या बाईंनी सांगितलंय, मनात येईल ते अडवायचं न्हाय! बाई, तुमचं नाव निघालं की चेअरमनसायबांच्या म्होरं!"

मी भिंतीला टेकले.

"हिराक्का… तुम्ही सगळ्याजणी… मनात येईल ते बोलून टाकता?"

"मग? तुमीच सांगितलंय की, येऊ द्या, अडवू नका म्हनून."

"म्हणजे तो तुमचा दीर…"

"तोंडावर म्हनलो त्याला, भावजी, तीन म्हैनं झालं, आता वैनीला विश्रांती द्या. गेला मुकाट्यानं!"

"आणि मुमताजभाभी…"

"तिनं नवऱ्याच्या दोस्तांपुढंच सांगितलं त्याला, अजून एक सूर सुदीक बराबर लागला न्हाय तुमचा. पेटी माळ्यावर गेली!"

आता मला सगळं दिसायला लागलं. वॉचमन का उठतो, किराणावाला काटा का दाखवतो, आणि कॅशियरनं ह्यांच्या पाठीवरनं हात का फिरवला! त्या बिचाऱ्यांना वाटत असणार, ज्या घरातनं हे निघालंय त्या घरच्या पुरुषाचे काय हाल असतील!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिपाई दारात. "साहेबांनी दोघांनाबी बोलावलंय."

त्या ऑफिसापर्यंतचा रस्ता मी कसा चालले ते माझं मला माहीत. गुरुजींनी शिकवलेला लांब श्वास घेऊन बघितला, तर मळीचा वास नाकात जाऊन ठसकाच लागला. ह्यांचा चेहरा पांढराफटक. मी मनात क्वार्टर रिकामं पण करून टाकलं. भांडी पोत्यात, गादी गुंडाळली, आणि सासूबाईंना काय सांगायचं तेही ठरवलं.

साहेब खुर्चीत मागं रेलून बसले होते. बसा म्हणाले नाहीत.

"तुम्ही शिकवता तरी काय हो बाई?"

"साहेब… मनाकडं बघायला."

"नीट सांगा. वर्गात म्हणता तसं म्हणून दाखवा. अगदी शब्दन् शब्द."

मी हात जोडले. सवयीनं डोळे मिटले. आणि सुरू केलं, "मनात येईल ते येऊ द्या. अडवू नका. दाबून ठेवू नका. नवऱ्याबद्दल असो, सासूबद्दल असो, चांगलं असो, वाईट असो, येऊ द्या—"

आणि कारखान्याचा दोनचा भोंगा झाला.

तुम्ही साखर कारखान्याचा भोंगा जवळनं ऐकलाय का? खिडकीच्या काचा थरथरतात. मला मात्र ते शब्द म्हणताना कशाचंच भान नसायचं. मी डोळे मिटून मनोभावे पुढचं म्हणत होते, आणि माझं मला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. डोळे उघडले तर साहेब कानाशी हात धरून माझ्या ओठांकडं बघत होते.

"हं, येऊ द्या. पुढं काय म्हणालात? काही ऐकू आलं नाही."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

"साहेब," मी म्हटलं, "पुढं असं आहे, की नुसतं बघा. बोलायचं काही नाही. करायचं काही नाही."

"आणि हे तुम्ही रोज वर्गात कधी म्हणता?"

"वर्ग संपताना."

"म्हणजे कधी?"

"दोनच्या सुमाराला…"

साहेबांनी दोन्ही हात कपाळाला लावले. मला वाटलं, आता घंटी वाजवणार, शिपाई येणार, आणि आमचं सामान बाहेर! पण त्यांचे खांदे हलायला लागले. साहेब हसत होते! हसता हसता एकदम थांबले आणि दाराकडं बघून हळूच म्हणाले, "मला घरात काय काय ऐकावं लागलंय ते मी तुम्हाला सांगणार नाही. चेअरमनसाहेबांनी तर जाताना विचारलं, हा वर्ग आमच्या गावाकडं येणार नाही ना? उद्याच्या उद्या बायकांना खरं काय ते सांगा. आणि कृपा करून, भोंगा झाल्यावर सांगा!"

दुसऱ्या दिवशी हॉल तुडुंब. बाईंना साहेबांनी बोलावलं होतं ही बातमी घरोघर पोचलेली. बायका आत, आणि कधी नव्हे ते पुरुष बाहेर खिडक्यांशी. वॉचमन, किराणावाला, आमचे कॅशियर, सगळे. मुमताजभाभीचा नवरा पण होता.

भोंगा होऊन गेला. मी घसा साफ केला. आणि ह्या वेळी डोळे उघडे ठेवून, मोठ्यानं सांगितलं, "बायांनो, एक घोटाळा झालाय. तुमच्या कानावर रोज अर्धंच पडलं. मनात येईल ते येऊ द्यायचं, पण तोंडानं बोलायचं नाही. नुसतं बघायचं. आतल्या आत. शांतपणे."

बाहेर खिडकीशी कुणीतरी "हां!" असा सुस्कारा सोडला.

मग हिराक्का उठून उभी राहिली. "थांबा बाई, मला नीट समजू द्या. मनात राग येतोय, तर येऊ द्यायचा?"

"हो."

"आन् तोंड मिटून गप बसायचं?"

"हो. म्हणजे, तसंच काहीसं."

"ह्योच योग व्हय?"

"हो."

"अव्वा! ह्यो तर मी लगीन झाल्यापासनं करतोय की!"

काय तो हशा उठला म्हणता! पत्रा वाजला वरचा. मुमताजभाभीनं पोतं झटकलं. "एवढंच होतं तर बाई, तुम्हीच आमच्याकडं शिकायला यायचं होतं!"

एकेक करून सगळ्या उठल्या. पोती काखेत मारली आणि हसत हसत, माझ्या खांद्यावर हात ठेवत निघून गेल्या. रागावली कुणी नव्हती हो, पण हॉल रिकामा झाला. बाईसाहेब तेवढ्या शेवटी उठल्या. माझ्याजवळ येऊन त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आधीचा योग बरा होता. माझं डोकं थांबलं होतं." आणि गेल्या.

खरं सांगू? मी त्या रिकाम्या हॉलमध्ये बसून रडले. नोकरी वाचली होती, क्वार्टर वाचलं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं होतं की मला काहीतरी येतं, आणि तेही एका भोंग्याचं काम निघालं!

दुसऱ्या दिवशी मी हॉलवर गेले ती किल्ली परत द्यायला. तर दारात हिराक्का पोतं घेऊन उभी. मागं मुमताजभाभी. त्यांच्या मागं सगळी पलटण, बाईसाहेबांसकट.

"अहो, तुम्हाला तर सगळं येतंय ना?" मी म्हटलं.

"गप बसायला येतंय बाई," हिराक्का म्हणाली, "पर घटकाभर पाय लांब करून, डोळं मिटून पडायला घरी कोन देतंय? तेवढं तर शिकवा! आन् काय बोलायचं, काय न्हाय, ते आमचं आमी बगून घेतो."

त्यांनी ते बघून घेतलंच म्हणा. तो दीर काही परत आला नाही. पेटी माळ्यावरनं उतरली, पण दार लावून आत वाजायला लागली. वाघाचं काय झालं ते मला माहीत नाही. आणि ह्यांची नोकरी पावसाळ्यापूर्वी कायम झाली. का झाली, कशी झाली, विचारू नका. बाईसाहेबांच्या मनात काहीतरी आलं असणार, आणि त्यांनी ते अडवलं नसणार.

मग मी रोज त्यांना शवासन द्यायला लागले. पोटभर जेवलेल्या माणसाला पडल्या पडल्या चालणारं एवढं एकच आसन. "पायाची बोटं सैल सोडा… पोटऱ्या सैल सोडा…" असं सांगत मी रांगांमधनं फिरायचे, आणि जीव टांगणीला. कुणाचा श्वास नीट चाललाय का, कुणाला उठताना घेरी येईल का, साहेब अचानक तपासायला आले तर अख्खा वर्ग झोपलेला दिसेल का!

एके दिवशी फार उकडत होतं. फिरून फिरून माझे पाय दुखायला लागले, म्हणून म्हटलं, जरा खाली पडून सांगावं. पडले. "पायाची बोटं सैल सोडा," म्हटलं. "पोटऱ्या सैल सोडा," म्हटलं. गुडघ्यांपर्यंत पोचल्याचं मला आठवतं.

डोळे उघडले तेव्हा उन्हं पार कललेली. हॉलमध्ये एक बाई नाही, एक पोतं नाही. चार वाजता शाळेतनं सुटलेली पोरं बाहेर खेळत होती, आणि दार ओढून घेऊन, पायरीवर हिराक्का राखण करत बसलेली. आयुष्यात कधी कुजबुजली नसेल अशी बाई, पण त्या दिवशी ती पोरांना कुजबुजून दटावत होती.

"हळू बोला रं मुडद्यांनो! बाईस्नी आज पयल्यांदा योग जमलाय!"